अकरा खांबांचं गाव

अध्यक्ष रेव्हरंड इओसेफा, ज्येष्ठ प्रमुख तुइसापे, या सभाघरात आपापल्या खांबाला टेकून बसलेले मान्यवर प्रमुख, बाहेर चटयांवर बसलेल्या माताभगिनींनो आणि आजच्या सत्कारमूर्ती फुआतिनोबाई,

बाईंनी एकवीस वर्षं आमची मुलं शिकवली. माझी नात आज नर्स आहे ती त्यांच्यामुळे. उद्या त्या बोटीने निघतील, मग विमानाने ऑकलंडला, भावाकडे. एवढं सांगून मी खाली बसावं, असं मला कालच सुचवण्यात आलं होतं. तुइसापे, रागावू नका, वय झालं की माणूस ऐकत नाही.

बाईंना निवडणूक लढवायची होती. प्रमुखपदाचा किताब त्यांना आजोळच्या घराण्याने दिला होता. उरला होता उमेदवारीला लागणारा तीन वर्षांच्या गावसेवेचा दाखला, तो आपली प्रमुखांची सभा देते. आता सांगा, तीन वर्षांत गावात एक तरी मयत झालं का, जिथे बाईंच्या घरून डबाबंद माशांची खोकी आणि तारोच्या कंदांचे भारे आले नाहीत?

दाखल्यासाठी आपण याच घरात बसलो. अकरा खांब, खांबामागे एक प्रमुख, अशी अकरा माणसं. ठरलं काय, तर बाईमाणसाची सेवा वेगळी धरत नाहीत, ती तिच्या भावाची. भाऊ बारा वर्षं ऑकलंडला! दाखला मिळाला नाही. तुइसापेंचे पुतणे बिनविरोध निवडून आले, आपण डुकरं भाजली. गावात नऊशे मतदार आहेत. त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

मी तेव्हा गप्प होतो. मनातून पटलं नव्हतं, तरी मान डोलावली. बाहेर पडलो तर बाई पायरीशी उभ्या.

"काका, तुमच्या घरच्या मयताला मी तारो आणला होता. तो कुणी आणला म्हणायचा?"

माझी बायको गेली, तेव्हा आणलेला तो तारो. मी त्यांच्या बाजूने पायरी उतरून घरी निघून गेलो. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आज सकाळी मी म्हटलं, बाई, निदान आज तरी माझ्या खांबाशी बसा. त्या म्हणाल्या, "नको काका. तिथे बसून तुम्हीच एकदा बोला."

म्हणून बोललो. आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषणात काही चुकलं असेल तर शेवटी माफी मागायची आपली रीत आहे. बाई, मी त्या दिवशी जे भाषण केलंच नाही, त्याची माफी मागतो.