कृष्णकांतरावांचं न उडणारं विमान

सन्माननीय अध्यक्ष रुपरावजी, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुण्या इंदुताई, आज सेवानिवृत्त होणारे आमचे हे, त्यांचे सहकारी आणि जेवणाचा वास येऊनही खुर्ची न सोडणाऱ्या बंधू-भगिनींनो,

मी यमुना, उत्सवमूर्तींची पत्नी. कृष्णकांतरावांनी रामदासपेठेतल्या या विमा कचेरीला आयुष्य वाहिलं, असं आतापर्यंतच्या वक्त्यांनी सांगितलं. ऐकून बरं वाटलं. उरलेलं आयुष्य कुठे गेलं, ते मी सांगते.

हे बाल्साच्या हलक्या लाकडाची विमानं बनवतात. विकत आणलेल्या खोक्यातल्या पट्ट्या ब्लेडने कापायच्या, चिकटवायच्या, वर पातळ कागद ताणून बसवायचा. सगळी शंभर वर्षांपूर्वीची विमानं. आताच्या विमानांवर यांचा काय राग आहे कोण जाणे, आजवर एकातही बसले नाहीत. वाऱ्याने पट्ट्या उडतात म्हणून घरात पंखा बंद. ओलाव्याने कागद सैल पडतो म्हणून कूलर बंद. हे नागपुरात, मे महिन्यात. पाहुणे येईनासे झाले, एवढाच काय तो फायदा.

त्यातलं सर्वांत लाडकं विमान आज ते कचेरीला भेट देत आहेत. इथे पडद्याखाली, काचेच्या पेटीत आहे. मूळ विमानाने म्हणे इंग्लिश खाडी ओलांडली होती. आमच्याकडच्याने दिवाणखान्याचा उंबरठा ओलांडला नाही. रबर पिळून सोडलं की ते उडतं, असं खोक्यावर लिहिलंय. मी किती वेळा म्हटलं, "अहो, एकदा उडवा तरी." उत्तर ठरलेलं, "अन् तुटलं तर?"

आमची अबोली बंगळुरूला असते. तिची लेक रांगायला लागली, पण आजोबांनी नात अजून फोनवरच पाहिली आहे. "मी तिकडे गेलो अन् इथे विमानांना वाळवी लागली, तर कोण पाहील?" मी विचारलं, "नातीकडे कोण पाहील?" त्यावर हे सँडपेपर शोधायला लागले.

परवा म्हणाले, "आता मी दिवसभर घरीच. दुसऱ्या खोलीतलाही कूलर काढून टाकू." तेव्हा मात्र मी घाबरले. नात मोठी होईल आणि हे घरातून हलणारच नाहीत, याची मला खरंच भीती वाटली.

म्हणून काल हे कचेरीत आल्यावर मी ते विमान गच्चीवर नेलं, रबर पिळलं आणि सोडलं. उडालं हो. कडुनिंबावरून असं झोकात वळलं, की मला वाटलं आता पार मौदा गावालाच जातं. मग शेजारून देवरावांचा आवाज आला, "यमुवहिनी, हे काय येऊन पडलं आमच्या टाकीवर?" डावा पंख सुटलाय. तसंच आणून पेटीत ठेवलं आणि वर पडदा टाकला. तेव्हा इंदुताई, पडदा उचलताना जरा जपून.

अहो, माझ्याकडे असे पाहू नका. तुटलं तर काय होतं, ते आता कळलं. काही होत नाही. उद्याच्या बंगळुरूच्या विमानाची दोन तिकिटं माझ्या पर्समध्ये आहेत. गोंद सोबत घ्या, पंख तिकडे जोडा. नात पट्ट्या तोंडात घालेल, तेवढं बघा. मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. ते इतकं सुंदर उडालं आणि पाहायला तुम्ही नव्हता.

आपण सर्वांनी यांना इतकी वर्षं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा सांभाळलंत, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर घरचं माणूस समजून पोटात घाला. पंखाबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.