तीन नंबरची गाडी

नाही, तुम्हीच सांगा, दाराएवढ्या रेल्वेला माणसानं किती घाबरावं? दाराएवढी म्हणजे अक्षरशः दारच! तळघरातलं जुनं दार आडवं टाकलंय, त्यावर रुळांचं एक वेटोळं, एक बोगदा, एक स्टेशन, स्टेशनावर हात वर करून उभी असलेली एक प्लास्टिकची बाई, आणि गाड्या दोन. दोनच! एक मी घेतलेला लाल डबा, स्वतःच्या मोटारीवर पळणारा, आणि दुसरं ते... ते काळं इंजिन. सासऱ्यांचं.

तुम्हाला सांगतो, मी भित्रा माणूस नाही. जर्मनीतल्या आमच्या गोसलारच्या नगरपालिकेशी पार्किंगवरून भांडलोय मी, भर सभेत अध्यक्षाला खाली बसवलंय! पण आमचे सासरे, लेबेरेख्टसाहेब, दातांचे डॉक्टर. रिटायर झाले, तरी बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नाहीत, दाढांत बघतात. त्यांनी ते इंजिन माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "लहानपणी वडिलांनी नाताळात दिलं होतं. घर गेलं, वडील गेले, हे राहिलं. नाताळाआधी अ‍ॅडव्हेंट लागला, की त्याच्या पहिल्या रविवारी कॉफीला येतो. चालताना बघायचंय." आणि मग तो आवाज, खुर्ची मागे वाकवतानाचा, "घाबरू नकोस. काही दुखणार नाही."

झालं! माझी झोप उडाली.

कारण चालवायचं कसं, हे आधी ठरवायला लागतं ना! गेलो खेळण्यातल्या रेल्वेवाल्यांच्या क्लबात. क्लबात टेबलं दोन. एका टेबलावर हेनिंग, जुन्या पद्धतीचा. दुसऱ्यावर फोल्कमार, डिजिटलवाला. मधे केकचं कपाट, सरहद्दीसारखं. हेनिंग म्हणाला, "हे बघ, एक बटण. फिरवलं की रुळातली वीज वाढते, गाडी पळते. आमच्या आजोबांना पुरलं, तुला काय धाड भरलीय?" म्हटलं, पण गाड्या दोन आहेत. "मग दोन्ही पळतील." अहो, मला एकेक पळवायचीय! "मग रूळ काप. तुकडे पाड. प्रत्येक तुकड्याला वायर, प्रत्येक वायरला खटका, खटक्यांना एक फळी..." आणि रेल्वे केवढी? दाराएवढी!

तेवढ्यात फोल्कमारनं मला बाहीला धरून सरहद्दीपलीकडे ओढलं. "कुठल्या जमान्यात राहतोस रे? रुळात वीज कायम ठेवायची. प्रत्येक गाडीच्या पोटात चिप, चिपेला नंबर. नंबर दाबलास की तेवढीच गाडी हलणार." वा! मी खूश, कोट चढवला, दारापर्यंत पोचलो, तर मागून म्हणतो, "म्हाताऱ्याचं इंजिन मात्र चिपेशिवाय रुळावर ठेवू नकोस हं. गांधीलमाशीसारखं घूंऽऽ करेल, तापेल आणि जाईल." जाईल? कुठे जाईल? "अरे, मोटार जळेल!"

घरी आलो तर इर्मा, माझी बायको, स्टोलनवर, म्हणजे नाताळच्या केकवर, साखर भुरभुरवत म्हणते, "अरे, एक गाडी कपाटात ठेव, एक चालव. संपलं." संपलं म्हणे! आता सारखं डोळ्यांसमोर तेच यायला लागलं... मी विसरतो, इंजिन रुळावर ठेवतो, घूंऽऽ, धूर, आणि धुरापलीकडे सासरे, शांतपणे हातमोजे चढवतायत!

शेवटी डिजिटलच घेतलं आणि त्या भीतीपोटी इंजिन चिप बसवायला गुपचूप फोल्कमारकडे नेलं. सासऱ्यांना विचारलं? हिंमत होती कुणाची! त्यानं झाकण उघडलं, जुनी वायर कचकन तोडली, मी तोंड फिरवलं, माझीच दाढ ठणकली हो!

रविवार आला. अ‍ॅडव्हेंटची पहिली मेणबत्ती पेटली, कॉफी झाली. सासऱ्यांनी खुर्ची चादर घातलेल्या रेल्वेपाशी ओढली. "उघड," म्हणाले. मी आपोआप आ केला! "रेल्वे, रेल्वे." म्हटलं, आधी आपला लाल डबा दाखवू, तो बिचारा कुणाचा वारसा नाही. त्याचा नंबर तीन. दाबला. डबा हलला, आणि... आणि समोरून काळं इंजिनही हललं!

अहो, नवी चिप कारखान्यातून निघते तीच मुळी तीन नंबर घेऊन! सगळ्यांच्या सगळ्या! नंबर बदलायचा असतो. फोल्कमारला वाटलं मी बदलेन, मला वाटलं त्यानं बदलला. डबा आणि इंजिन एकमेकांवर चालून जायला लागले, मी बटण फिरवतोय, घाबरून उलटंच फिरवतोय, वेग वाढतोय, प्लास्टिकची बाई हात वर करून उभी, मीही हात वर करून उभा... आणि कुठे घडतंय हे? दाराएवढ्या रेल्वेत!

एक हात मधून आला. जराही न थरथरता. बंद करायचं लाल बटण दाबलं. नाकाला नाक लागायला बोटभर उरलं होतं.

सासऱ्यांनी इंजिन उचललं, चष्मा लावला, पोट उजेडाकडे धरलं. "फिलिंग कुणी केलं?"

"फो... फोल्कमारनं."

"बरं बसवलंय." मग माझ्या दाढांकडे बघत, "पण पेशंटच्या घरच्यांना विचारायची पद्धत असते."

त्यांनी रिमोट घेतला, पुस्तिका वाचली, नंबर बदलले. इंजिन एक, डबा दोन. इंजिन फिरायला लागलं आणि म्हातारा नाताळातल्या पोरासारखा त्याच्याकडे बघत राहिला. मी धीर करून विचारलं, "आणि तीन?" ते माझ्याकडे बघून हसले.

आता दर रविवारी येतात. रिमोट सोडत नाहीत. क्लबात दोन्ही टेबलं विचारतात, शेवटी घरी पद्धत कुठली चालते? काय सांगू! इंजिन फिरतं, डबा फिरतो, सासरे मागे न बघता नुसतं म्हणतात, "तीन! कॉफी!"

...आणि मी हलतो हो.