मीनाक्षीसाठी राहिलेलं एक वाक्य

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

इंदूरच्या छत्रीबागेतल्या या छोट्या सभागृहात आज खुर्च्या कमी पडल्यात. मागे बरेच जण उभे आहेत. सांवेरहून बस बदलत आलेल्या मुली दिसताहेत, राऊच्या कॉलेजातली मंडळी दिसताहेत. हे सगळे मॅडमचे विद्यार्थी. मीही त्यांतलीच. मी लिहिणारी बाई आहे. घरी टेबलाशी बसून शब्द मिळतात. इथे समोर सुनंदा मॅडमचा फोटो आहे, त्याला हार आहे, आणि शब्द मिळत नाहीत. तरी बोलते. बोलायलाच हवं, कारण माझ्याजवळ एक गोष्ट आहे आणि ती आज सांगितली नाही तर माझ्याजवळच राहील.

पहिल्या रांगेत मॅडमचा मुलगा निखिल बसलाय. त्याच्या शेजारी मीनाक्षी, मॅडमची सून. ती चेन्नईची, पेशानं डॉक्टर. तिला मराठी येत नाही. हिंदीही जेमतेम. सासू-सुनेत भाषा होती ती इंग्रजी.

काल स्वयंपाकघरात मी चहा टाकत होते. मीनाक्षी मागे येऊन उभी राहिली. इंग्रजीत म्हणाली, ‘मी जोर लावायला हवा होता. मी डॉक्टर होते. मी त्यांना ऐकायला लावायला हवं होतं.’ चहा उतू गेला, आम्ही दोघी ओटा पुसत बसलो. रात्रभर विचार केला. आज जे सांगतेय ते त्याचं उत्तर आहे.

पण आधी मॅडम कोण होत्या ते थोडं. तुम्हाला ठाऊक आहे, तरी.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मॅडमनी घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग सुरू केला. मी गेले तेव्हा मला परगावी एका परिसंवादात इंग्रजीतून बोलायचं होतं. वाटलं, त्या वाक्यं पाठ करून घेतील. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, ‘तू आता ऐकणारी. तुझं भाषण मी करते.’

हीच त्यांची पद्धत. आठवतेय ना? ज्याला जे वाक्य बोलायचं असेल, त्यानं आधी ऐकणाऱ्याच्या जागी बसायचं. मॅडम ते वाक्य त्याला ऐकवणार. मग विचारणार, ‘कसं वाटलं?’ बरोबर की चूक हे नंतर. आधी, कसं वाटलं.

राजूभिया, तुमचा किस्सा सांगू का? सांगते. हसलात, म्हणजे परवानगी आहे.

राजूभियांचं शेव-नमकीनचं दुकान. मुलगी इंग्रजी शाळेत. तिच्या टीचर भराभर बोलायच्या, यांना कळायचं नाही. तेच सांगायला गेले आणि सांगून आले, ‘आय हॅव अ प्रॉब्लेम विथ यू.’ मनात हिंदी होती, ‘मुझे आपसे एक प्रॉब्लम थी,’ ती तशीच इंग्रजीत उतरली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचं बोलावणं! बिचारे वर्गात आले ते घाम पुसतच. ‘मॅडम, मैंने तो इज्जत से बोला था.’

मॅडम म्हणाल्या, ‘बस तिकडे. तू टीचर, मी राजू.’ आणि कमरेवर हात ठेवून त्यांनी ते वाक्य ऐकवलं.

राजूभिया दचकले. ‘अरे मॅडम, आप तो लड़ने आए हो!’

मग मॅडम हात खाली घेऊन म्हणाल्या, ‘आय एम फाइंडिंग इट डिफिकल्ट टू फॉलो. समजायला मला जड जातंय. अब बोल?’

‘अब तो मैं पानी पूछूँगा आपको. साथ में थोड़ी शेव भी.’

सगळा वर्ग हसला. मॅडमही. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, ‘अडचण तुझी आहे ना? मग ती आपल्याजवळ ठेवून बोल. दुसऱ्याच्या अंगावर टाकलीस की तो ती झटकणारच.’

त्या दिवशी घरी जाताना मनात आलं. आपण घरातसुद्धा किती अडचणी अंगावर टाकतो एकमेकांच्या. ‘तू ऐकतच नाहीस.’ ‘तुझ्याशी बोलणंच कठीण.’ असं कितीतरी.

मत सांगण्याचंही तसंच. पुस्तकांत यादी असते. आय थिंक, आय फील, आय बिलीव्ह, इन माय ओपिनियन. सगळ्यांचा अर्थ एकच, मला वाटतं. मॅडमना ते पटायचं नाही. पोह्यांत मीठ जास्त झालंय, तिथे आय थिंक. शेजारीण रागावलीय बहुतेक, पण हातात पुरावा नाही, तिथे आय फील. ज्यासाठी चार लोक नाराज झाले तरी चालतील, तिथेच आय बिलीव्ह. आणि इन माय ओपिनियन? ‘ती ठेवणीतली साडी,’ त्या म्हणायच्या. ‘जिथे तुझ्या शिक्षणाला, तुझ्या पदाला विचारलंय, तिथे नेस. पोळ्या लाटताना नको.’

माझं लिखाणही त्या वाचायच्या. एका लेखात मी लिहिलं होतं, ‘असे म्हणता येईल.’ मॅडम म्हणाल्या, ‘कोणाला म्हणता येईल? तू म्हणतेस ना? मग म्हण की गं.’ आजही लिहिताना तो ‘की गं’ कानात येतो.

मंडळी, आता जे सांगायचं आहे ते.

गेल्या वर्षी मॅडमच्या घशात गाठ निघाली. मीनाक्षीनं सगळे कागद मागवले, मोठ्या डॉक्टरांना दाखवले, चेन्नईत ऑपरेशनची तयारी केली. ऑपरेशन केलं असतं तर कदाचित आणखी काही वर्षं मिळाली असती. पण आवाज जाणार होता. ते मीनाक्षीनं लपवलं नाही, पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं.

मॅडमनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, ‘ऑपरेशन मी करणार नाही. ते ठरलंय. पण मीनाक्षीला कसं सांगू तेच ठरत नाहीये. पोरीनं किती धावपळ केलीय. बस तिकडे. आज तू मीनाक्षी.’

इतक्या जणांना बोलतं केलेली बाई. तिला त्या संध्याकाळी वाक्य सापडत नव्हतं.

मी बसले. त्यांनी सुरुवात केली, ‘इन माय ओपिनियन...’ आणि स्वतःच थांबल्या. ‘छे. ती डॉक्टर आहे, मी नाही. माझ्या ओपिनियनला काय अर्थ?’ मग, ‘आय थिंक, आय शुड नॉट...’ मी म्हटलं, ‘मॅडम, हे ऐकून मीनाक्षी म्हणेल, आणखी थोडा विचार करा.’ ‘म्हणेलच,’ त्या म्हणाल्या. मग उठून खिडकीपाशी गेल्या. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता. शेवटी माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘आय हॅव डिसायडेड. अँड आय एम फाइंडिंग इट हार्ड टू टेल यू.’ माझं ठरलंय, आणि तुला सांगणं मला जड जातंय.

‘कसं वाटलं?’ त्यांनी विचारलं.

मी जवळचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘बरं. मग हेच.’

फोन लावला. मी उठून जाऊ लागले तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. फोनमधला आवाज माझ्यापर्यंत येत होता, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे.

त्यांनी ते वाक्य सांगितलं. पलीकडून मीनाक्षी अगदी डॉक्टरच्या आवाजात म्हणाली, इन माय ओपिनियन तुम्ही ऑपरेशन करून घ्यायला हवं. कारणं सांगितली, एकेक, नीट. मॅडमनी मध्ये तोंड घातलं नाही. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, ‘येस. अँड आय हॅव डिसायडेड.’

आणि मग तिचा आवाज बदलला. ‘अम्मा, आय एम फाइंडिंग इट हार्ड टू हिअर.’ मला हे ऐकणं जड जातंय.

मीनाक्षी कधी या वर्गात बसली नव्हती. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर ती सुट्टी मिळेल तशी इंदूरला येत राहिली. औषधं बघायची, दुखणं कमी कसं होईल ते बघायची. पण ऑपरेशनचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. आणि मॅडमचा वर्ग चालू राहिला. आवाज कुजबुजीइतका उरला तेव्हा आपण सगळे पुढे सरकून बसायला लागलो. सांवेरच्या आपल्या ममताची नोकरीची मुलाखत त्या कुजबुजीतच तयार झाली. तिला नोकरी लागली. उभी राहा गं ममता, लाजतेस काय!

फोन ठेवल्यावर मॅडम मला जे म्हणाल्या ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या म्हणाल्या, ‘बघितलंस? डॉक्टरचं वेगळं सांगितलं, पोरीचं वेगळं. एकात दुसरं मिसळलं नाही. रडून मला ऑपरेशनला नेता आलं असतं तिला. मी गेले असते गं. ती रडली असती तर मी गेले असते. पण तिनं माझं मला ठरवू दिलं.’

मी म्हटलं, ‘मॅडम, हे तिला सांगा ना.’

‘नको. मास्तरीण मार्क देतेय असं वाटेल तिला. तू सांग कधीतरी.’ आणि थोड्या वेळानं, पाणी पिऊन झाल्यावर, म्हणाल्या, ‘आता मला भीती वाटत नाही. ती जवळ असेल तर नाही वाटत.’

मीनाक्षी, तू माझ्याकडे बघते आहेस. तुझं नाव येतंय एवढंच तुला कळतंय. मी हे तुला इंग्रजीत सांगू शकते. पण त्या हे त्यांच्या भाषेत बोलल्या होत्या, आणि ते तुझ्यापर्यंत त्यांच्या लेकाच्या तोंडून पोचावं असं मला वाटतं.

निखिल, सांग तिला. घाई करू नकोस. जिथे अडेल तिथे थांब.

मंडळी, आपण सगळे उभे राहू या. त्याचं सांगून होईपर्यंत, शांतपणे.