वजनासाठी प्यालेलं पाणी

मी मूळचा माणचा, दहिवडीच्या वरल्या अंगाचा. घरात मेंढरं, पावसाचा पत्ता न्हाई, निम्मं वरीस चाऱ्यामागं फिरायचं. एका जागी बसायचं मला ठावंच न्हाई, आता तुमच्याफुडं बसलोय तरी मांडी हालतीया बगा. ध्यास एकच हुता, मिलिट्री. शेजारगावची पोरं सुट्टीवर यायची बूट वाजवत, आन् मी मेंढरामागं अनवाणी. म्हन्लं मला बी जायाचंच, न्हाईतर ह्या काठीवर जलम जायाचा.

साताऱ्याला भरती निगाली. आबा, माजा बाप, संगं आला. उंची हुती, छाती फुगत हुती, पळण्यात तर मी म्होरंच, पर वजनाची बोंब, अंगावर मास कुठलं. मग समदी पोरं करत्यात तेच केलं, गेटाभाईर केळी खाल्ली, नळाला तोंड लावलं आन् पोट तट्ट हुईस्तवर पानी प्यालो. काट्यावर चढलो, पास! लय हरकलो.

फुडं दंडाला पट्टा बांधून रगताचा दाब मोजायचा. हवालदार आपल्याकडलाच. त्येनं फुगा दाबला, पारा चढला, तोंड वाकडं करून म्हन्ला लय वर हाय रं, पळून आलायस, जा, लिंबाखाली गप बस, मग ये. पर बसवतंय व्हय? लघवीनं जीव चाललेला. आन् मनात भ्या, पानी सोडलं आन् परत काट्यावर घेतलं तर? दात खाऊन बसलो, उठतोय, बसतोय, पाय आपटतोय. परत मोजलं तर पारा आदीपेक्षा वर. हवालदार म्हन्ला तुजं काय खरं न्हाई, चल डाक्टरसायबाकडं.

सायब पिकल्या मिशीचा, शांत मानूस. माज्या पायांकडं बगून म्हन्ला, का रं नाचतोयस, लघवीला लागलीय? काय सांगू तुमास्नी, रडूच फुटलं. केळी, पानी, समदं वकून टाकलं. सायब हसला, म्हन्ला येड्या, तुंबलेल्या लघवीनं, पळापळीनं, भ्यानं दाब चढतोच, जा, मोकळा हो. आल्यावर खुर्चीला पाठ टेकवून बसवलं, पाय भुईला, हात मेजावर, बोलायचं न्हाई. जलमात पयल्यांदा मी गप बसलो. पारा बरोबर जागेवर. रगात झकास हाय तुजं, म्हन्ला. आन् मग हळूच म्हन्ला, आता काट्यावर चढ.

वजन कमी भरलं, थोडक्यात गेलं हो. अगदी थोडक्यात.

गेटाभाईर आबा उभा, काय झालं म्हन्ला. माज्या तोंडातनं निगालं, रगात चांगलं हाय म्हन्त्यात. त्येनं तितंच हात जोडलं, म्हन्ला देव पावला, कवा जायाचं? यष्टीत बी समद्यास्नी सांगत सुटला, पोरगं मिलिट्रीत चाललं. आन् मी खिडकीभाईर बगत बसलो.

आता कुपवाडला कारखान्यात हाय, भट्टीवर, उभ्याचं काम, मला तेच झेपतंय. खानावळीच्या भाकरीनं वजन बी चढलंय. कारखान्याचा डाक्टर पट्टा आवळतो तवा अजून लघवी लागल्यागत हुतं, त्यो म्हन्तो जरा निवांत बसा की. निवांत कसलं! धाकटा भाऊ औंदा भरतीला जातोय. त्येला हितं आनून ठेवलाय, समोर बसून दूधभाकरी चारतोय, म्हन्लं बाबा खाऊन वजन कर, पिऊन नगं. आबा गेटाभाईर उभा ऱ्हानारच. ह्या बारीला त्येनं जोडलेलं हात वाया न जावं, एवढं झालं म्हंजी बास.