चातुर्मासातले बाजे

ताईहो, भाऊहो, अन् समोर सतरंजीवर बसलेल्या पोट्ट्याहो,

माइकसमोर उभं राहाची मले सवय नाई. माहं काम वाजवाचं. मी परतवाड्याचा रहीम, लग्नाचा बँड चालवतो. मंदाबाई गेल्या, हे अजून तोंडातून निघत नाई. पण अमरावती-अकोल्याहून एवढी मंडळी या शाळेत आली, तं मी रडगाणं गाणार नाई. बाई हरून गेल्या नाईत. जिंकून गेल्या! मले तेच सांगाचं आहे.

नवीन मंडळीसाठी सांगतो. बाई याच शाळेत, चांदूर बाजारच्या पोरींले संगीत शिकवत. शाळेत बँड पायजे, पण बाजे आनाचे कुठून? मंग बाईनं वऱ्हाडातल्या संगीत शिक्षकांचा संघ उभा केला, अन् सरळ माह्या दुकानात आल्या.

"रहीमभाऊ, चातुर्मासात लग्नं नसतात. तवा तुमचे बाजे काय करतात?"

"झोपतात, बाई."

"मंग उठवा त्याईले, अन् माह्या पोट्ट्याईले द्या. शिकवाले तुमची मानसंही पाठवा."

मी म्हटलं, बाई, माही रोजी आहे ती. ट्रम्पेट पडलं तं? म्हने, "पडन तं ठोकून देऊ. वरातीत काय कमी पडते?" आता बोला! त्या बाईले नाई म्हनाची कोनाची टाप होती?

मंग आलं पयलं पंधरा ऑगस्ट. शिक्षण खात्याचे सायेब पाहुणे म्हनून मंचावर. पोट्ट्या ताठ निघाल्या. डावा-उजवा, डावा-उजवा. मैदानाचं वळण आलं अन् काय सांगू भाऊ, ढोल घसरला वरातीच्या ठेक्यावर! काहून? माह्याच मानसांनी शिकवलं होतं ना! जिंदगीभर नवरदेवापुढं वाजवलेले हात. ढोलामागं ताशा, ताशामागं ट्रम्पेट. शिपाईदादा नाचाले लागले. बायका टाळ्या वाजवून राहिल्या. सायेबाचं तोंड लालेलाल.

"शाळा आहे का मंडप?" सायेब कडाडले. हुकूम झाला, बँड बंद. बाजे उचला. पोट्ट्या हमसून हमसून रडून राहिल्या होत्या. मी टेम्पो बोलावाले निघालो.

बाई रडल्या नाई. म्हने, "सायेब, एक पोट्टी चुकली असती तं मीच बंद केला असता बँड. पण ह्या सगळ्या एकसंग चुकल्या. एकसंग चुकाले लय सराव लागते. मले एक साल द्या."

सायेबाले हासू आवरलं नाई. साल भेटलं.

अन् ते सालभर बाईनं आधी कोनाले शिकवलं, माहीत आहे? आमाले! आमची मानसं पोट सांभाळत या मैदानात रांगेत उभी. वरात दोन पावलं चालते अन् थांबते, कोनीतरी नाचते, मंग पुढं सरकते. आमाले सरळ चालाची सवयच नाई. बाई काठावरून वरडत, "आधी तुमी चाला, मंग पोट्ट्याईले शिकवा!" पोट्ट्या खिडक्यातून खिदळत. अकोल्याच्या जठारपेठेतले बँडवालेही आले, हासाले आले अन् रांगेत लागून गेले. तवापासून दर चातुर्मासात साऱ्यांचे बाजे इथं जमतात अन् इथून संघाच्या शाळांत जातात.

दुसऱ्या साली त्याच सायेबासमोर, त्याच वळणावर, बाप्पा! एक पाय इकडचा तिकडे झाला नाई. सायेब खुर्चीतून उठले अन् सलामीचा हात खाली घेनंच विसरले. मंग संघाच्या स्पर्धेत अमरावतीच्या मोठमोठ्या शाळा मागं टाकल्या या पोट्ट्याईनं. त्यातलीच एक, आपली शबनम, आज अकोल्यात बँड शिकवते. ते पाहा, मागं उभी आहे. ऊर कसा भरून येनार नाई?

पण एक गोष्ट बोलल्याबिगर राहवत नाई. बाईले अग्नी देऊन आमी परत येऊन राहिलो होतो, अन् आमच्यातल्याच एका बँडवाल्यानं इचारलं, "रहीमभाई, बाई गेल्या. आता बाजे कोनाच्या भरवशावर द्याचे?" मले असा राग आला! पण खरं सांगतो, माह्या पोटातही तोच सवाल होता. बाईच्या शब्दावर चालत होतं ना सगळं. कागद नाई, सही नाई.

चातुर्मास लागला आहे, भाऊहो. आज सकाळी मी टेम्पो भरला, म्हटलं, कोनी येवो न येवो, माहे बाजे तं शाळेत जातीन. इथं फाटकात येतो तं काय, जागाच नाई! परतवाडा, अकोला, अमरावती, साऱ्यांच्या गाड्या उभ्या. अन् सगळ्यात पुढं तो सवाल इचारनारा, डोक्यावर ढोल घेऊन. मले म्हने, "काहून उशीर केला?"

म्हनून म्हटलं, बाई जिंकून गेल्या.

आता सगळे उठा. बाईनं हात वर केला की वाजवाच्या आधी सगळा बँड श्वास ओढून दम धरत असे. तेवढा दम आज आपण सगळे धरू.

मंदाबाई, हात वर करा जी. आमी उभे आहो.