आधी पोस्ट उठलं, मग गाव

माझं नाव अनसूया, पण लालबागेत या नावानं इचारत फिरलात तर कुणी दार दाखवणार न्हाई, खानावळवाली मावशी म्हणा, हाताला धरून आणून सोडतील. मूळ गाव करंजढेण, साताऱ्याकडं, घाटाच्या आत, नदीकाठाला. माहेर तेच आन् सासर तेच, खालच्या आळीची पोर वरच्या आळीत दिली, एवढाच काय तो प्रवास, मग मालकांच्या मागं मुंबई. मालक गिरणीत होते, छातीत कापूस बसला आन् गेले. मी रडत बसले असते तर आज तुम्ही कुणाचं लिहून घेतलं असतं? चाळीत आमच्या गावकीची खोली व्हती, सगळे करंजढेणचे गडी तिथं पाळीपाळीनं झोपायचे, जेवायची आबाळ, त्यांना म्हटलं, तुम्ही पीठ आणा, भाकरी मी घालते. तशी खानावळ सुरू झाली आन् मग पार कुठल्या कुठल्या तालुक्यातले गडी ताटावर येऊ लागले.

माझी एकुलती पोर हौसा, ती गावाला माझ्या आयजवळ. इथं चुलीचा धूर, गड्यांची उठबस, तिला ठेवू कुठं? तिची खुशाली पोस्टानं यायची. आन् आमचं पोस्ट म्हंजे काय, शाळेची एक खिडकी. मास्तर शाळा सुटली की शिक्के मारायला बसायचे. आय नुसतं म्हणायची, लिवा, पोर बरी हाय, आन् मास्तर पदरचं घालायचे, अनसूये, पोर वाचायला लागली, पण भांडखोर हाय, तुझ्यावर गेलीय.

मग धरण निघालं. पण काय सांगू तुम्हाला, माणसं उठायच्या आधी पोस्ट उठलं. मास्तरांची बदली झाली, भिंतीवरची पेटी काढून नेली, आन् माझी पत्रं शिक्का खाऊन परत यायला लागली. शहाण्या माणसानं काय करावं? शेजारच्या गावाचं पोस्ट घालावं. पण त्या गावाशी आमचं वैर, पालखी आधी कुणाची यावरनं. खोलीतले पंच म्हणाले, करंजढेणच्या माणसाचं पत्र त्यांच्या पोस्टात पडायचं न्हाई, आपली नाचक्की हुईल. मग काय, सगळी खोली हट्टानं पोस्ट करंजढेण लिहायची आन् सगळ्या खोलीची पत्रं परत यायची. मान राहिला, माणसांची खबर गेली.

इकडं तेच दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. माझे गडी कामावरनं यायचे, दोन घास गिळायचे आन् मोर्चाला पळायचे. अश्रुधूर सुटला की बाया वरनं पाणी ओतायच्या, ओली फडकी टाकायच्या, मीबी टाकलीत. लाठी खाऊन आलेल्याला पिठलं-भाकरी फुकट, असं मीच जाहीर केलं व्हतं, तर एक जण लाठी न खाताच लंगडत यायला लागला. म्हटलं, उद्यापासनं दुसरा पाय लंगडव रे, या पायाचं जेवून झालं. चळवळीचा एक कार्यकर्ता होता, चष्मेवाला, ताटावर बसूनसुद्धा भाषण करायचा. त्यानं भिंतीला नकाशा लावला, अख्खा महाराष्ट्र. मी पिठाचं बोट दाखवून म्हटलं, यात माझं करंजढेण कुठं? तो म्हणाला, मावशी, आधी मुंबई तर हातात येऊ दे. मी म्हटलं, मुंबई येईल रे बाबा, तिला कुठं पाय फुटलेत, माझं गाव चाललंय. हसला आन् भाकरीकडं वळला.

मग घाटावरनं आलेला एक जण सांगून गेला की पाणी चढतंय, माणसं ट्रकात घालून नेली. कुठं नेली? ते त्याला ठावं न्हाई. मी चूल शेजारणीच्या स्वाधीन केली आन् निघाले. गावात गेले तर घरांच्या तुळया काढलेल्या, नुसत्या भिंती, शाळेला छप्पर न्हाई, आन् जिथं पेटी होती तिथं चार खिळ्यांची भोकं. खालच्या आळीत पाणी शिरलेलं. मी हौसा हौसा म्हणून हाका मारल्या, डोंगरानं परत दिल्या. तालुक्याला गेले तर कारकून म्हणतो, बाई, ते गाव आता न्हाई. मी म्हटलं, गाव न्हाई हे मला दिसतंय, माणसं कुठं ते सांगा. तो म्हणाला, तीन दिशांना गेलीत, चौकशी करून कळवतो, पत्ता द्या. अजून कळवतोय.

परत आले. गडी म्हणायचे, मावशी, देवाला कौल लाव. मी म्हटलं, देवसुद्धा ट्रकात गेलाय, त्याला कुठं शोधू? मग भांडी घासता घासता डोक्यात आलं. आमच्या खोलीनं वर्गणी काढून गावाला लग्नाकार्याची भांडी घेतली व्हती, मोठी तपेली, पराती, घंगाळी. त्यांच्या काठावर ठोक्यांनी नाव घातलेलं, करंजढेण ग्रामस्थ, मुंबई. आमची माणसं तुळई सोडतील, उंबरा सोडतील, तपेलं सोडायची न्हाईत, कारण त्या तपेल्याशिवाय गावात लग्न झालेलं कुणाला आठवत न्हाई. मग मी ताटावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले, माणसं इचारू नका, जिथं लग्नाला जाल तिथं आधी आचाऱ्याकडं जा, तपेल्याचा काठ बघा. गडी चेष्टा करायचे, मावशी, नवरीकडं बघायचं सोडून तपेल्याकडं बघू व्हय? मी म्हणायची, नवरी तुला कोण देतंय, तपेलंच बघ.

पहिलं घंगाळ सापडलं ठाण्याकडं. धावत गेले, तर तिथं वरच्या आळीतली अर्धी घरं. गळ्यात पडून रडले सगळे, पण माझी आय त्यांच्यात न्हाई. म्हणाले, तुझी आय आमच्या ट्रकात चढलीच न्हाई, शेळीला जागा द्या म्हणून भांडत बसली, ती मागच्या ट्रकात. मागचा ट्रक कुठं गेला, कुणास ठावं.

आन् तशात राज्य झालं. लालबागेत रोषणाई, गुलाल, पेढे, मीबी शिरा वाटला, का न वाटू? आमच्या रक्तानं आणलेलं राज्य. पण ताटं वाढताना वाटायचं, सगळा महाराष्ट्र एक झाला, आन् माझी पोर तेवढी कुठल्या कोपऱ्यात? लग्नसराई होती, गडी गावोगाव गेलेले. त्यातला एक सोलापूरकडचा, परत आला तो पिशवी खांद्यावरच, म्हणाला, मावशी, आमच्या माळाजवळ धरणवाल्यांची वस्ती झालीय, बहिणीच्या लग्नाला परात त्यांचीच मागून आणली, काठ वाचला.

त्याच गाडीनं गेले. उघडा माळ, पत्र्याची खोपटं. हौसा दारात भांडं घासत होती. मला बघून उठली न्हाई. म्हणाली, पत्र का न्हाई टाकलंस? मी म्हटलं, टाकलं गं बये, लई टाकली, सगळी परत आली. ती म्हणाली, मीबी दोन लिवली, पोस्ट कुठलं लिवू ते कळंना, म्हणून ठेवली. मग उठली आन् मला अशी चिकटली की आय म्हणाली, सोड तिला, श्वास घेऊ दे. आय तशीच, कडक. शेळीबी होती.

हौसाला इकडं आणलं, आता म्युन्सिपालटीच्या शाळेत जाते, तिथंबी भांडते. आय आली न्हाई, म्हणाली, एकदा उठवलंय, आता मी उठणार न्हाई. त्या चष्मेवाल्यानं आता वस्तीला पोस्ट मिळावं म्हणून अर्ज लिहून दिलाय, आन् नाव करंजढेणच पायजे, असं मी त्याला बजावलंय. मिळेल. न द्यायला काय झालं? एवढी मुंबई घेतली, एक लाल पेटी घेता येणार न्हाई?

पण तुम्ही एक लिहा. तिसरा ट्रक अजून मला घावला न्हाई. खालच्या आळीतली माणसं हायेत त्यात, खालच्याच आळीत दिलेली माझ्या मालकांची बहीणबी त्यातच. छापून आलं आन् त्यांच्यातल्या कुणी वाचलं, तर सांगा, पहिलं ताट माझ्याकडनं. आमचं गाव पाण्यात गेलं आन् आयच्या माळावर बायका घोटभर पाण्यासाठी कोस कोस चालतात, हे तर मी डोळ्यांनी बघून आलेय. तिसऱ्या ट्रकातली माणसं जिथं कुठं उतरली असतील, तिथल्या विहिरीला गोड पाणी लागू दे.