सत्काराची शाल

प्रामाणिक माणसांचं काय सांगता, आमच्या एकोडीच्या वसंताचं ऐका. पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट असेल. पावसाच्या नोंदींत लपलेली लय शोधायचं गणित तो करायचा. नोंदी वाढत गेल्या की उत्तर कुठं स्थिरावतं, हे त्यानं सिद्ध केलं, म्हणून भंडाऱ्याच्या एका कॉलेजनं सत्कार ठेवला. प्राचार्य शाल घेऊन उभे, फोटोवाला तयार, आणि वसंता फळ्यावर सगळं समजावून सांगत होता. मधेच त्याचा खडू थांबला.

"सर, शाल राहू द्या. इथं माझी चूक झाली. ही पायरी सिद्ध न करताच मी पुढं गेलो."

प्राचार्य त्याच्या कानाशी वाकले. "अरे बाबू, इथं कोणाले समजून राहिलं?"

वसंता म्हणाला, "मले समजलं ना, सर."